भक्तीची रील: नव्या पुढाऱ्यांसाठी पाच पायऱ्या

फ्लेक्सवर फोटो झळकला, पण फॉलोअर्स काही वाढत नाहीत? चंद्रपूर-गडचिरोलीतल्या होतकरू पुढाऱ्यांनी पुढील कृती क्रमाने करावी.

१. स्थानिक माल वापरा. एरवी लाकडाच्या ट्रकला नाक्यावर वाहतूक परवाना विचारतात. अयोध्येच्या मंदिरासाठी इथलं सागवान निघालं तेव्हा, २९ मार्च २०२३ रोजी, आधी काष्ठपूजन झालं, मग शोभायात्रा निघाली.

२. आकडा ठरवा. भक्ती मोजता येत नाही, पणत्या येतात. जानेवारी २०२४ मध्ये चांदा क्लब मैदानावर ३३,२५८ पणत्यांनी ‘सियावर रामचंद्र की जय’ लिहिलं गेलं आणि गिनीज बुकात नोंद झाली. एवढं मोठं अक्षर वाचायचं तर ड्रोनच हवा. मैदानात उभ्या माणसाला वात दिसते, तेलाचा वास येतो, बस.

३. कॅप्शनमध्ये ‘आपली श्रद्धा’ लिहा. कोणाची ते लिहू नका. याच चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून माणसं येतात. एवढं सगळं एका फ्रेममध्ये मावत नाही. सुरजागडच्या ठाकुरदेवाकडे तर कॅमेरा नेऊच नका. तिथे देवाचं नाव घेतलं की लोक लोहखाणीचा विषय काढतात.

४. शत्रू नेमा. वाघ चालणार नाही. त्याची भीती खरी असते, आणि लोक लगेच नुकसानभरपाई कधी मिळणार ते विचारतात. कमेंटमध्ये उलट उत्तर देईल असाच शत्रू हवा. भांडण पेटलं की रील आपोआप चार गावं पुढे जाते. ती ढकलणाऱ्या यंत्राला भक्त आणि भांडखोर यांतला फरक कळत नाही, आणि कळण्याची त्याला गरजही नाही.

५. व्ह्यू मोजा, पण मतांत धरू नका. सागवान आणि पणत्या, दोन्हींत पुढाकार घेणारे तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार २०२४ च्या लोकसभेला चंद्रपुरात २,६०,४०६ मतांनी पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बल्लारपुरातून विधानसभेवर निवडूनही आले. दोन्ही वेळा राम तोच होता. व्ह्यू पुण्याहून येतो, दुबईहूनही येतो. मतदाराला मात्र बूथपर्यंत चालत जावं लागतं, आणि वाटेत त्याला धानाचा भाव आठवतो. त्यावर अजून फिल्टर निघालेला नाही.