ऑक्टोबर छाटणी बंद आहे

ती. आई आणि नाना,


आधी खुलासा. काल व्हिडिओवर आमच्या खिडकीबाहेर गोणपाट पांघरून जे उभे होते, ते चोर नव्हेत. ती आमची सीडरची झुडपं. एव्हाना शांताकाकूंपर्यंत चोर पोचले असतीलच, तर आता झुडपंही पोचव.

कुकर लावलाय. शिट्ट्या होईपर्यंत जमेल तेवढं लिहिते.

पार्सल मिळालं. चकल्यांच्या डब्यावर छाटणीची कात्री कुणी ठेवली, हे मी विचारत नाही. चकलीचा भुगा दह्यात छान लागतो. पण नाना, तासगावची द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी टोरांटोच्या बाजूला चालत नाही हो! इथे आत्ता कात्री लावली तर गुलाब फसतो, कोवळी फूट काढतो आणि पहिल्या कडाक्यात ती काळी पडते. लायलॅकने तर पुढच्या मे महिन्याच्या कळ्या उन्हाळ्यातच धरून ठेवल्यात. आत्ता छाटला की फुलं गेली. गुलाबाच्या बुडाशी वीतभर मातीचा ढीग घालून कलमाचा सांधा झाकलाय, बस्स. तुमची एप्रिलची खरड छाटणी निघेल तेव्हा मीही कात्री काढेन. तोवर ती खिळ्याला.

आता गोणपाट. आई म्हणते, झाडांना कसली आलीय थंडी? थंडीचं एवढं नाही, वाऱ्याचं आहे. सीडर हिवाळाभर हिरवा राहतो. वारा आणि ऊन त्याचं पाणी ओढत राहतात, आणि जमीन गोठली की मुळांना थेंब मिळत नाही. झाड तहानेनं वाळतं. म्हणून जमीन कडक होईस्तोवर पाणी घालायचं आणि मग भोवती गोणपाट. प्लॅस्टिक नाही, उन्हानं आत उबतं. रस्त्याच्या बाजूला तर दुपदरी, कारण बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि गाड्या ते झाडांवर उडवतात.

या गोणपाटाला अठरा डॉलर पडले. नाना, बसून वाचा: अकराशे रुपये! रिकामं, आत शेंगा नाहीत, ज्वारी नाही. वर चिठ्ठी, ‘मेड इन इंडिया’. प्रसाद म्हणाला, याला आपल्याआधी कॅनडाची पीआर मिळाली. मी हसले, गुंडाळी सोडली, आणि तो वास आला. माळ्यावरच्या शेंगांच्या पोत्यांवर मी आणि बंड्या दुपारचे लोळायचो ना, तो. प्रसादला म्हटलं, तू सुतळी शोध, मी आलेच. गॅरेजमध्ये जरा वेळ काढला.

असो. दुसरी शिट्टी झाली.

पाचोळ्याचं ऐक. दारापुढचा मेपल नगरपालिकेचा. त्याची फांदी आम्ही तोडायची नाही. पानं मात्र आमची! ती दंताळ्यानं ओढायची आणि भरायची कागदी पिशवीत. प्लॅस्टिकची दिसली की गाडी तशीच पुढे. पिशव्या विकत घ्यायच्या, रात्री पाऊस आला की त्यांचं बूड सुटतं, सकाळी पानं परत गवतावर. काटक्यांची मोळी चार फुटांच्या आत हवी, सुतळीनेच बांधलेली. गाडी एक आठवडा आड. आपल्या परसातला आळ्यात ओढलेला पाचोळा आठवून मी यंदा निम्मी पानं गुपचूप झुडपांच्या बुडाशी सारली. तेच उत्तम, असं आता इथले माळीही सांगतात. नाना, मिशीत हसू नका.

शेजारचे इटालियन आजोबा अंजिराचं झाड चक्क पुरतात. एका बाजूची मुळं तोडायची, झाड चरात आडवं पाडायचं, वर फळ्या, पाचोळा, माती. एप्रिलमध्ये उकरून उभं करायचं. झाड त्यांच्या गावच्या फांदीपासून केलेलं. प्रसाद रविवारी त्यांच्याबरोबर खणत होता आणि तिकडून वाईन पिऊन आला. हे काकूंना सांगू नकोस.

तुळस थंडी पडायच्या आधीच दिवाणखान्यात आली, लग्न तिथेच लावू. आमची ओवी अंतरपाट धरणार आहे. कढीपत्त्याला तुझ्या सांगण्यावरून ताक घातलं. पानं काही येईनात, घरभर वास मात्र आला.

बंड्याला मुलगी पसंत आहे की नाही हे त्यालाच विचारा ना! फोटो मला धाडून काय उपयोग? आणि काकूंनी कुंपण हातभर आत सरकवलं असेल तर मोजणी मागवा, अबोला धरू नका. शेवग्याच्या शेंगा मात्र त्यांना द्या, शेंगांनी काय पाप केलंय.

तिसरी झाली. एकच काम: मंदामावशी जानेवारीत येतेय, तिच्याकडे नानांचं दाभण दे. इथे गोणपाट सेफ्टी पिनांनी अडकवलंय, वाऱ्यात पिना उडतात. मोठ्या बॅगेत ठेव, पर्समध्ये नको. नाहीतर मावशी दाभणासकट मुंबईच्या विमानतळावर बसेल आणि फोन मलाच येतील.

तुमची,
मनू