पायरी सतरावी : काकांना विचारा

नात्यात कुणी "सध्या काय करतोस?" विचारलं की मी "डिझास्टर रिकव्हरी" एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो. उरलेलं काम ऐकणारा करतो. त्याच्या डोळ्यांपुढे मी नारिंगी जॅकेट घालून ढिगाऱ्याखालून माणसं काढत असतो. २०१९च्या पुरानंतर सांगलीकडच्या एका मावशींनी भर लग्नात माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही पोरं होतात म्हणून निभावलं हो." मी नुसती मान खाली घातली. मांडवात त्याला विनय म्हणतात. त्या पुरात मी बाणेरला अकराव्या मजल्यावर बसून, चहाचा तिसरा कप संपवत, कुणाचातरी सर्व्हर हैदराबादहून उभा करत होतो. पाय ओला झाला तो बाथरूममध्ये.

आमची कंपनी क्लाउड विकते आणि भीती विकते. क्लाउड हल्ली कोणीही विकतं. मार्जिन आहे ते भीतीत. म्हणून जगात कुठंही डेटा सेंटर पेटलं की आमच्याकडे कामाला उत्साह येतो. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीची एक अख्खी इमारत जळाली आणि काही ग्राहकांना कळलं की आपला बॅकअपही त्याच आवारात होता. ती स्लाइड मी वर्षानुवर्षं वापरली. मग २६ सप्टेंबर २०२५ला दक्षिण कोरियात देजॉनला, सरकारी डेटा सेंटरात बॅटऱ्यांनी पेट घेतला. ७०९ सरकारी यंत्रणा थांबल्या आणि अधिकाऱ्यांच्या सामायिक ड्राइव्हवरचा ८५८ टेराबाइट माल कायमचा गेला. बॅकअप का नव्हता? तर म्हणे डेटा फार मोठा होता! हे वाचून मला इतकं भरून आलं की मी घरात टाळी वाजवली. बायकोनं विचारलं, "कोण जिंकलं?"

माझी सर्वांत आवडती स्लाइड मात्र आमचे साहेब दर वेळी कापतात. ती महानुभावांची आहे. १२७८च्या सुमारास म्हाइंभटांनी ऋद्धिपुरात चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं, हे शाळेत सगळ्यांनी दोन मार्कांसाठी पाठ केलेलं असतं. पण गोळा केलं कसं ते बघा. ज्यानं स्वामींना पाहिलं-ऐकलं त्याच्यापर्यंत जायचं, त्याच्या तोंडून लीळा उतरवून घ्यायची, मग नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायची. आमच्यात याला व्हॅलिडेशन म्हणतात आणि ते कुणी करत नाही. पुढे खलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथीच हरवली. प्रायमरी साइट गेली! मग पंथातल्या मंडळींनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. हिराइसा नावाची बाई होती, तिची पाठांतराबद्दल ख्याती. तिच्या मुखातला पाठ आधाराला होता. आणि पाठ जुळले नाहीत तिथे या लोकांनी ते दडपले नाहीत. अमक्याच्या मते असं, तमक्याच्या मते तसं, अशी नोंदच करून ठेवली. आमच्याकडे दोन डेटाबेस जुळले नाहीत तर आम्ही आधी मॉनिटरिंगचा अलर्ट बंद करतो. वर कडी म्हणजे पुढे त्यांनी पोथ्या सकळ लिपीत, सुंदरी लिपीत, सांकेतिक अक्षरांत लिहिल्या. एन्क्रिप्शनसुद्धा! आज चक्रधरांचं चरित्र वाचायला मिळतं ते या रिकव्हरीमुळे, आणि मराठी माणूस डिझास्टर रिकव्हरीची, म्हणजे डीआरची, व्याख्या ऐकायला अमेरिकन कन्सल्टंट बोलावतो. साहेब म्हणतात, "क्लायंट गुजराती आहे." मी म्हणतो, चक्रधरस्वामीही मूळचे गुजरातचेच. तरी स्लाइड जाते.

बाकी आमच्या धंद्याचं खरं दैवत ड्रिल. वर्षातून दोनदा आपत्ती आल्याचं नाटक करायचं आणि सगळा कारभार दुसऱ्या शहरातून चालवून दाखवायचा. ते दुसरं शहर वेगळ्या सिस्मिक झोनमध्ये हवं, हे ऑडिटरांचं आवडतं वाक्य; एकाच भूकंपात दोन्ही जायला नकोत. राष्ट्रीय शेअर बाजारानं २ मार्च २०२४ला, शनिवारी, खरे सौदे डीआर साइटवरून करून दाखवले. छाती लागते त्याला. आमच्या ड्रिलची तारीख महिनाभर आधी ठरते, सोपी ॲप्लिकेशन्स निवडली जातात, आणि भूकंप शनिवारी रात्री अकरालाच होतो, कारण तेव्हा युजर नसतात. रिपोर्टाचा मसुदा शुक्रवारी तयार असतो.

मागच्या ड्रिलला एका क्लायंटचं डिस्पॅचचं ॲप्लिकेशन उठेना. ब्रिज कॉलवर बावीस माणसं, त्यातली एकोणीस "एनी अपडेट?" विचारायला. मी सूत्रं हातात घेतली. आवाज खाली आणून बोललो, माझा तो आपत्तीतला खास आवाज आहे. सर्व्हर तीनदा रीस्टार्ट करवला. मग रनबुक उघडलं. रनबुक म्हणजे आमची पोथी. डोळे मिटून कुणीही करू शकेल अशा पायऱ्या. सोळा झाल्या. सतराव्या पायरीवर लिहिलं होतं : 'अडल्यास काकांना विचारा.'

काका म्हणजे क्लायंटकडचे टेपवाले. क्लाउडच्या आधी रोज रात्री बॅकअपच्या टेप पेटीत भरून स्कूटरवरून दुसऱ्या ऑफिसला नेऊन ठेवायचे. आदल्या वर्षीच्या खर्चकपातीत त्यांना नारळ मिळाला होता. क्लाउड आला, आता टेप कशाला. टेप नाहीत, मग काका कशाला. ती बचत दाखवणाऱ्या तक्त्यात आमच्याच कंपनीचा लोगो होता.

पहाटे तीनला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मी ओळख सांगू लागलो तर म्हणाले, "डिस्पॅच उठत नाय ना? लायसन्सची सर्व्हिस आधी चालू कर, मग शेड्युलर. आणि होस्ट फाइलमधे जुन्या मशिनचा आयपी आहे, मीच घातलेला, तो काढ." काढला. उठलं. पलीकडून विचारलं, "ती कोपऱ्यातली निळी टेप लायब्ररी अजून आहे का रे?" भंगारात गेली हे मी सांगितलं. "बरं," म्हणाले, "तिचा तिसरा ड्राइव्ह तसाही अडकायचा."

मला राग आला तो नंतर, रिपोर्ट भरताना. किती मिनिटांत उभं राहिलं, किती डेटा गेला, सगळ्याला रकाने आहेत. जो माणूस आपण घरी पाठवला त्यानं झोपेतून उठून आपली इभ्रत वाचवली, याला रकाना नाही. तिथे छापून आलं : 'डिपेंडन्सी रिझॉल्व्ड.' कुणी केली? कर्मणी प्रयोगात फार माणसं गाडलेली असतात.

काकांना मानधन द्यावं असा मेल मी क्लायंटच्या परचेसला टाकला. उत्तर आलं : व्हेंडर कोड, जीएसटी नंबर आणि तीन कोटेशनं जोडा. आता हे ज्याच्या डोक्यात आहे असा जगात एकच माणूस, तीन कोटेशनं कुठून आणू? हिराइसेकडे कुणी रद्द केलेला चेक मागितला नसेल. शेवटी दिवाळीला मीच मिठाईचा पुडा पाठवला. काकांचा फोन आला, "पुढच्या खेपेला शनिवारी करू नका. शनिवारी मी मारुतीला जातो, तिकडं रेंज नसते. घरच्या नंबरावर करा, हिला पण मी सांगून ठेवलंय, लायसन्स आधी, शेड्युलर मग."

तेव्हा मी रनबुक सुधारलं. सतराव्या पायरीला काकांच्या नंबराखाली काकूंचा नंबर. यंदाच्या ऑडिटला तरुण ऑडिटरनं त्या ओळीवर पेन ठेवलं आणि विचारलं, "सर, प्रायमरी आणि सेकंडरी वेगळ्या सिस्मिक झोनमध्ये आहेत ना?"

म्हटलं, एकाच घरात आहेत. पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठी.

त्यानं लाल शेरा मारला आणि मुदत दिली तीस दिवसांची.