थारचे कृषिशास्त्र

चंदीगडच्या आसपासच्या शेतकऱ्याला थार, स्कॉर्पिओ किंवा फॉर्च्युनर यांसारख्या धिप्पाड मोटारींची खरोखरीच गरज असते काय, या प्रश्नाची चिकित्सा करताना शेतीची गरज आणि शेतकऱ्याची गरज या दोन बाबी प्रथम वेगळ्या काढाव्या लागतात. कारण पहिलीसाठी घेतलेले वाहन शेतात राबत असते, तर दुसरीसाठी घेतलेले शहरातील सेक्टर १७ च्या बाजारपेठेत पार्किंगला जागा शोधत असते.

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार पंजाबातील सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका खातेदाराच्या वहिवाटीखालील जमीन, ३.६२ हेक्टर होते आणि महाराष्ट्रातील १.३४ हेक्टर, तेव्हा पंजाबी शेतकऱ्याच्या मोटारीचा आकार मराठी शेतकऱ्याच्या मोटारीपेक्षा मोठा असावा, हे गणिताला धरूनच आहे. तथापि भाताची चिखलणी करणे, गहू मंडीत नेणे आणि भुसा वाहून आणणे ही सारी कामे ट्रॅक्टर आणि त्याची ट्रॉली बिनबोभाट उरकतात. इतकेच नव्हे, तर २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनात याच ट्रॉलीने दिल्लीच्या सीमेवर कित्येक महिने घराचेही काम केले. याउलट तीन दारांच्या थारमध्ये मागची आसने उभी असता गव्हाची दोन पोती चढवणेही जिकिरीचे होते आणि चढलीच, तर आसनांवरचे कारखान्यातून आलेले प्लास्टिक फाटेल, या भीतीने घरातील तरुण ती तत्काळ उतरवतो. चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी ‘फोर बाय फोर’ ही यंत्रणा चिखलातून सुटण्यासाठी असते खरी. परंतु या सपाट मुलखात चिखल आणि ती गाडी यांची गाठ पडू नये, याची दक्षता मालक स्वतःच घेतो.

या व्यवहारात महाराष्ट्राचाही वाटा आहे. मोहालीत १९७० मध्ये स्थापन झालेल्या पंजाब ट्रॅक्टर्स या कंपनीचा ‘स्वराज’ ट्रॅक्टर २००७ मध्ये महिंद्रकडे गेला आणि त्याच महिंद्रची थार नाशिकच्या कारखान्यात तयार होते. म्हणजे मोहालीने शेतात राबायचे आणि नाशिकने मिरवायची सोय करायची, अशी ही राष्ट्रीय श्रमविभागणी आहे.

मिरवण्याचे क्षेत्र अर्थातच चंदीगड. शहराचा आराखडा आखणारे वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी त्याचे रस्ते व्ही-१ ते व्ही-७ अशा सात वर्गांत विभागले आणि शेवटचा वर्ग हिरवळीतून पायी जाणाऱ्यांसाठी राखला. पायी जाण्याची इच्छा नागरिकांत टिकेल, एवढीच त्यांची गृहीतकातील चूक झाली. सेक्टर १० आणि ११ च्या परिसरात ‘गेडी’ मारण्याची, म्हणजे कोठेही न पोचण्यासाठी त्याच रस्त्यावरून पुनःपुन्हा गाडी फिरवण्याची, प्रथा आहे. बैल तेलघाण्याला फिरतो तेव्हा निदान तेल तरी निघते. गाडीखालोखाल मान तिच्या क्रमांकाला असून २०२२ मध्ये एका चंदीगडकराने ‘०००१’ हा क्रमांक लिलावात १५.४४ लाख रुपयांना घेतला, तोही सुमारे ७१ हजारांच्या स्कूटरसाठी. शहराच्या पोटात राहिलेल्या बुडैलसारख्या गावांत मात्र ‘लाल डोऱ्या’च्या आतील, म्हणजे गावठाणाच्या जुन्या हद्दीतील, गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की तेथे हीच वाहने आरसे मिटून, अंग चोरून चालतात.

असे असूनही ही गरज खोटी ठरत नाही. ट्रॅक्टरवरून उतरलेल्या शेतकऱ्याला बँकेत ‘नंतर या’ असे ऐकावे लागते आणि फॉर्च्युनरमधून उतरलेल्या त्याच शेतकऱ्यासाठी खुर्ची सरकवली जाते. ज्या शहराने त्याच्या वाडवडिलांच्या शेतांवर सेक्टर आखले, त्या शहरात ‘सरदारजी, बसा’ हे दोन शब्द मिळवण्याचा एवढा खात्रीचा उपाय त्याला दुसरा सापडलेला नाही. पिकाचा भाव त्याच्या हाती नसतो. स्वतःचा भाव तेवढा हप्त्यांवर वाढवून घेता येतो.

सरकारने सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवर ५ टक्के आणि मोठ्या मोटारींवर ४० टक्के जीएसटी लावून गरज कोणती आणि चैन कोणती, हा वाद आपल्यापुरता मिटवला आहे. सोयरिकीच्या बैठकीत मात्र हे दर उलटे लागू होतात आणि तेथे सवलत मागण्याची सोय नसते.