सॉकेट-पत्ता : निर्गुण की सगुण?

प्रस्तुत विषय क्षुद्र आहे हे आम्ही पहिल्याच ओळीत मान्य करतो, म्हणजे ते शोधून काढण्याचे श्रम समीक्षकांना पडणार नाहीत. दोन संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा ते बोलणे ज्या टोकाशी पोचते त्याला सॉकेट म्हणतात. आणि त्या टोकाचा पत्ता म्हणजे बहुधा एक आयपी क्रमांक व एक पोर्ट. दोन आकडे. विषय इथेच संपायला हवा होता. पण ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पंथात कोणत्याही गोष्टीला नुसते असून भागत नाही. तिला क्लास लागतो, क्लासला कूळ लागते, आणि कूळ म्हटले की मूळपुरुष आलाच. सॉकेट-पत्त्यांच्या मूळपुरुषाची ही चिकित्सा आहे.

प्राचीन काळ म्हणजे 1983. त्या वर्षी बर्कलेहून 4.2 बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्याबरोबर सॉकेट जगात आले. पत्त्यासाठी तिथे ‘सॉकॲडर’ नावाचे 16 बाइटांचे स्ट्रक्चर होते : दोन बाइट कुळाच्या नावाला, उरलेले 14 ज्याला जे हवे त्याला. सी भाषेत वारसाहक्काची सोय नाही. तरी त्या मंडळींनी पॉइंटर कास्ट करून, म्हणजे शुद्ध जबरदस्तीने, तो चालवून घेतला. इंटरनेटच्या पत्त्याला पोर्टचे दोन व आयपीचे चार असे सहाच बाइट पुरत. राहिलेल्या आठांचे काय करायचे? त्यांत शून्ये भरायची. हे आठ बाइट काही सांगत नाहीत, कोणी त्यांना काही विचारत नाही, फळाची त्यांना अपेक्षा नाही. संगणकशास्त्रात इतके निष्काम कर्म आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

पुढे आयपीव्ही6 आले. त्याचा नुसता क्रमांकच 16 बाइटांचा, आणि लिनक्सवर त्याचे पूर्ण स्ट्रक्चर 28 बाइटांचे. वंशज मूळपुरुषापेक्षा थोर निघाला! तेव्हा 1999 च्या सुमारास सर्वांना पोटात घेईल असे एक प्रशस्त स्ट्रक्चर नेमण्यात आले. बहुतेक ठिकाणी ते 128 बाइटांचे असते. मूळपुरुषाला मात्र कोणी हलवले नाही. घराण्यात वडीलधाऱ्यांना हलवत नाहीत.

पोर्टचे दोन बाइट कोणत्या क्रमाने लिहावेत, यावरचा वाद याहून जुना. डॅनी कोहेन यांनी 1 एप्रिल 1980 रोजी त्यावर एक टिपण लिहिले आणि दोन्ही पक्षांना स्विफ्टच्या गलिव्हरमधल्या, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावर लढणाऱ्या लोकांची नावे बहाल केली. ती नावे आज पाठ्यपुस्तकांत विनोदाचा मागमूस न ठेवता शिकवतात. वाद मात्र अगदीच पोकळ नाही. इंटेलच्या यंत्रावर क्रम उलटायला विसरलात, तर 80 चा पोर्ट 20480 होतो. सर्व्हर तिथे निवांत बसून राहतो आणि गिऱ्हाईक 80 वर दार ठोठावत राहते.

आता मुख्य प्रमेय. 2002 साली जावाच्या 1.4 आवृत्तीत ‘सॉकेटॲड्रेस’ हा क्लास अवतरला. तो ॲब्स्ट्रॅक्ट आहे, आणि त्याची स्वतःची एकही मेथड नाही. त्याला पोर्ट विचारावा तर तो नाही. आयपी? नेति. नाव? नेति. पूर्वपक्ष म्हणतो, असल्या क्लासचा उपयोग काय? प्रत्येकाला शेवटी तो ‘इनेटसॉकेटॲड्रेस’मध्ये कास्ट करूनच घ्यावा लागतो, म्हणजे बर्कलेची जबरदस्ती नव्या पोशाखात चालूच राहिली.

पूर्वपक्ष उथळ आहे. युनिक्स डोमेन सॉकेटचा पत्ता म्हणजे डिस्कवरचा एक फाइल-पाथ. त्याला पोर्ट नसतो. मूळपुरुषात ‘गेटपोर्ट’ घातले असते, तर या बिचाऱ्याला दर वेळी उणे एक असे काहीतरी पुटपुटावे लागले असते. 2021 साली जावा 16 मध्ये ‘युनिक्सडोमेनसॉकेटॲड्रेस’ आला, आणि मूळपुरुषाची एक ओळही न बदलता कुळात बसला. ज्याला गुण नाही त्याला दोषही लागत नाही. एकोणीस वर्षे गप्प बसून एखाद्या क्लासने आपले म्हणणे सिद्ध केल्याचे हे दुर्मीळ उदाहरण.

पायथॉन हा या दर्शनांतला चार्वाक. क्लास नाही, कूळ नाही; यजमान आणि पोर्ट यांचे टपल समोर टाकतो. आयपीव्ही6 ला चार पदांचे टपल, युनिक्सला साधी स्ट्रिंग. सर्व्हर बांधताना यजमानाच्या जागी रिकामी स्ट्रिंग दिली, तर तिचा अर्थ ‘या यंत्राचे सगळे आयपीव्ही4 पत्ते’ असा होतो. रिकाम्यात सर्व काही! आणि यांना लोक भौतिकवादी म्हणतात.

खरी अधोगती सुरू होते ती सगुणात. ‘इनेटसॉकेटॲड्रेस’ला नाव आणि पोर्ट देऊन नुसते जन्माला घाला, तो कन्स्ट्रक्टरमध्येच डीएनएसकडे धावतो. उत्तर मिळाले नाही तरी तक्रार करत नाही, ‘अनरिझॉल्व्ड’ होऊन बसतो, आणि जोडणी करायच्या वेळी मग एक्सेप्शन फेकतो. उत्तर मिळाले तर तो आयपी जन्मभर धरून ठेवतो. सर्व्हर दुसरीकडे हलला तरी याला पत्ता नाही. नाव तेच, पोर्ट तोच, पण एक रिझॉल्व्ड आणि दुसरा अनरिझॉल्व्ड असेल, तर ते दोघे समान नाहीत. उलट नावे वेगळी आणि आयपी एकच असेल, तर समान. ज्यांनी हे पत्ते हॅशमॅपच्या कीला लावले आहेत, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

सर्वांत घातक ‘गेटहोस्टनेम’. नुसत्या आयपीवरून बनलेल्या पत्त्याला हे विचारले, तर तो उलटा शोध घ्यायला पुन्हा डीएनएसकडे निघतो. दारावरची पाटी वाचायला जावे आणि पाटीने म्हणावे, जरा थांबा, नगरपालिकेत विचारून सांगते. येणाऱ्या प्रत्येक जोडणीचे नाव लॉगमध्ये लिहिण्याच्या हौसेने हळू पडलेले सर्व्हर या एका मेथडचे बळी असतात. आणि नाव नसलेला आयपी छापताना पुढे जी एकाकी तिरपी रेघ येते, ती म्हणजे न आलेल्या नावाची राखून ठेवलेली जागा. तिच्यावर स्वतंत्र प्रबंध होईल.

उपाय 2011 पासून, म्हणजे जावा 7 पासून, उपलब्ध आहे : ‘गेटहोस्टस्ट्रिंग’. हाती असेल तेवढेच सांगते, कुठे विचारायला जात नाही. तेव्हा लॉगमध्ये तीच वापरा. पत्ता साठवायचा असेल तर ‘क्रिएटअनरिझॉल्व्ड’ने बनवा, आणि जोडणीच्या क्षणी त्याच नाव-पोर्टाचा नवा पत्ता घडवा, म्हणजे आयपी ताजा मिळेल. आणि मूळपुरुषाच्या क्लासमध्ये सोयीसाठी एखादी मेथड घालावी अशी सूचना कोणी आणलीच, तर कृपया विरोधात मत द्या.