होऊ घातलेले नावाडी

इंग्लंडच्या कालव्यांवर बोटीत राहायला निघालेला माणूस ओळखायला अगदी सोपा. त्याच्याकडे बोट सोडून बाकी सगळं असतं. भिंतीवर कालव्यांचा नकाशा असतो. शेजारी वेल्समधल्या पाँटकसुल्टेच्या उंच जलसेतूचा फोटो असतो. खुंटीला विंडलास, म्हणजे लॉकची (बोट वरखाली करणाऱ्या दरवाजेबंद हौदाची) झडपं उघडायची लोखंडी किल्ली टांगलेली असते. तीही एक नाही, दोन, कारण एक पाण्यात पडतेच असं त्यानं वाचलेलं असतं. पितळी किटली असते. कुत्रा कोणत्या जातीचा पाळायचा हे ठरलेलं असतं आणि बोटीचं नावसुद्धा ठरलेलं असतं. बोट पाण्यात असताना तिचं नाव बदलणं अशुभ मानतात, तेवढं मात्र त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

ग्रँड युनियन कालव्याच्या काठी राहत असल्यामुळे ही मंडळी मला बारमाही दिसतात, उन्हाळ्यात जरा जास्त. पूर्वी ज्या वाटेनं घोडे नावा ओढत, त्या वाटेनं रविवारी दुपारी ती रमतगमत येतात आणि बांधलेल्या प्रत्येक बोटीच्या खिडकीतून आत डोकावतात. आत एक गृहस्थ बनियनवर चहा पीत बसलेले असतात. ते पडदा ओढून घेतात. यांना वाटतं, काय मोकळं आयुष्य आहे!

यांच्यात दोन पोटजाती आहेत. पहिली तिशीतली, लंडनचं घरभाडं भरून पिचलेली. तिला बोट हवी असते असं नाही, तिला घरमालक नको असतो. दुसरी साठीला टेकलेली. मुलं मार्गी लागलेली, घर विकायला काढलेलं आणि टिमथी वेस्ट व प्रुनेला स्केल्स या नटदांपत्याची कालवेप्रवासाची टीव्ही मालिका पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत पाहून झालेली. या जातीच्या उशाशी एल. टी. सी. रोल्टचं ‘नॅरो बोट’ असतं. १९३९ साली रोल्ट ‘क्रेसी’ नावाच्या जुन्या लाकडी नावेवर बायकोसह राहायला गेला. १९४४ साली त्याचं पुस्तक आलं आणि १९४६ साली कालवे वाचवण्यासाठी ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ उभी राहिली. मरायला टेकलेले कालवे जगले, यात त्या पुस्तकाचं पुण्य मोठं. पण ते वाचून किती सुखवस्तू जोडप्यांनी आपला बाथटब विकून टाकला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. रोल्ट स्वतः शिकलेला इंजिनिअर होता, ही गोष्ट वाचणाऱ्यांच्या नजरेतून हमखास निसटते.

आता या स्वप्नाची रुंदी पाहा. सहा फूट दहा इंच. याला जबाबदार जेम्स ब्रिंडली. शाळेशी फारसा संबंध न आलेला, गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणारा हा माणूस. १७६६ साली ट्रेंट अँड मर्सी कालव्याचं काम सुरू झालं तेव्हा पाणी वाचावं, पैसे वाचावेत म्हणून त्यानं लॉक जेमतेम सात फूट रुंद ठेवले. कोळसा आणि चिनी मातीची भांडी जायला तेवढे पुरत होते. अडीचशे वर्षांनी त्याच सात फुटांत कोणी डबल बेड, वॉशिंग मशीन आणि योगासनांची सतरंजी बसवू पाहील, हे बिचाऱ्याच्या ध्यानात कसं यावं? भिंती आणि अस्तर वजा जाता आत सहा फूट उरतात. बिछाना चार फुटी असतो आणि विकणारा त्याला निर्विकारपणे डबल म्हणतो. नवराबायकोचं भांडण झालं तर रुसून दुसऱ्या खोलीत जायची सोय नाही, कारण दुसऱ्या खोलीची वाट या बिछान्याला घासूनच जाते.

म्हणून तिशीतल्या मंडळींना दहा-बारा फुटी वाइडबीमची भुरळ पडते. आत शिरलं की फ्लॅट! सोफा आडवा बसतो! ती मिडलँड्सच्या अरुंद लॉकमधून जात नाही आणि दक्षिणेची वाइडबीम उत्तरेला न्यायची तर क्रेनने उचलून लॉरीवर चढवावी लागते, हे सौदा झाल्यावर कळतं. आणि भिंतीवर फोटो कुठला? इंजिनिअर टेलफर्डनं १८०५ साली पुरा केलेल्या, दरीपासून १२६ फूट उंचीवरच्या पाँटकसुल्टेचा. तिथे जायच्या वाटेवर सगळे अरुंद लॉक. फोटो मग सोफ्यामागे सरकतो.

लांबीच्या बाबतीत या माणसाला एकच आकडा पाठ असतो, सत्तावन्न. “सत्तावन्न फुटी घ्या, सगळीकडे जाते!” त्यात तथ्य आहे. यॉर्कशरमधल्या काही कालव्यांचे लॉक आखूड आहेत, सत्तर फुटी बोट त्यात मावत नाही. पण हा यॉर्कशरला जाणार कधी? सगळीकडे जाणारी बोट घेऊन तो पुढची दहा वर्षं दोन पबांच्या दरम्यान फिरतो.

खरी मौज बोट पाहायला जातात तेव्हा. नॉर्थॅम्प्टनशरमध्ये ब्राउनस्टनच्या आसपास जुन्या बोटींचे मोठे बाजार आहेत. होऊ घातलेले नावाडी तिथे जूनमध्ये जातात. ऊन पडलेलं असतं, बदकांची पिल्लं पोहत असतात, दारावर गुलाब आणि किल्ले रंगवलेले असतात. बाई आत शिरून ओट्यावरून हात फिरवतात, ओव्हन उघडतात, गादीवर बसून पाहतात. गृहस्थ शेगडीपाशी उकिडवे बसतात आणि आग नसलेल्या शेगडीकडे बघून हात चोळतात. मग दोघं एकदम म्हणतात, “घरासारखं वाटतंय, नाही?” दलाल काहीच बोलत नाही. अनुभवी माणूस. इथे गप्प राहण्याचेच पैसे मिळतात हे त्याला माहीत असतं.

कारण घेण्यासारखं किंवा सोडण्यासारखं जे काही असतं ते सगळं पाण्याखाली असतं. चांगल्या पोलादी बोटीचा तळ दहा मिलिमीटर जाड, बाजू सहा, वरची खोली चार. पाणी हा पत्रा रोज थोडा थोडा खातं. त्याला आवर घालायला दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून काळं डांबर फासावं लागतं आणि गंजाच्या तोंडी द्यायला म्हणून मॅग्नेशियमचे ठोकळे लावावे लागतात. पत्रा किती उरला हे कळायला सर्व्हेयर बोलवावा लागतो. तो बोट पाण्याबाहेर घेऊन हातोडीनं ठोकतो आणि अल्ट्रासाउंडच्या यंत्रानं जागोजागी जाडी मोजतो. चार मिलिमीटरच्या खाली गेलं की विमेवाले तोंड वाकडं करतात. मग पत्र्यावर पत्रा जोडायचा, म्हणजे खर्च आला आणि वजन वाढून बोट आणखी खाली बसली. चिखलातून आलेला, कोपरापर्यंत काळा झालेला सर्व्हेयर हे सारं समजावून सांगत असतो. ऐकून घेऊन हा विचारतो, “बाहेरून गडद हिरवा बरा दिसेल की निळा?”

इंजिनाचं मी लिहीत नाही. त्याच्या फळीचं झाकण उचललं की घेणारा “हं” म्हणतो आणि फळी परत ठेवतो.

संडासाचं मात्र लिहायलाच हवं, कारण बोटीवर राहायचं म्हणजे शेवटी या प्रश्नाशी येऊन थांबायचं. कॅसेट, पंप-आउट आणि कंपोस्ट असे तीन पंथ आहेत आणि त्यांच्यात समेट नाही. कॅसेटवाला आपली पेटी हातात धरून, ओळखीच्यांना गुड मॉर्निंग करत, ती रिकामी करायच्या ठिकाणापर्यंत चालत जातो आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. पंप-आउटवाल्याची टाकी पलंगाखाली असते. तिचा विचार महिन्यातून एकदाच करावा लागतो, असं तो मिरवतो. मग जानेवारीत कालवा गोठतो किंवा दुरुस्तीसाठी लॉक बंद होतात, उपसायच्या यंत्रापर्यंत बोट नेता येत नाही आणि त्याला तिचा विचार रात्रंदिवस करावा लागतो. कंपोस्टवाला सगळ्यांत सात्त्विक. तो द्रव आणि घन वेगळं ठेवतो. घन नीट कुजायला महिने लागतात, तोवर डबे कुठे ठेवायचे या प्रश्नावर तो विषय बदलतो. ही चर्चा पबमध्ये, पुढ्यात जेवण असताना चालते. नवखा आधी कानावर हात ठेवतो. बघता बघता तोच सूप पिता पिता गास्केटवर बोलू लागतो. असं झालं की समजावं, हा बोट घेणार.

आपल्यातलाही एखादा निघतो. स्लाउ नाहीतर हॅरोत राहणारा, सॉफ्टवेअरमधला, कॉलेजात असताना गडकिल्ले पालथे घातलेला. त्याची तयारी पक्की असते, एक्सेलच्या तक्त्यात चाळीस बोटींची वर्गवारी केलेली असते. फक्त कोथरूडला फोन करायचं धैर्य गोळा व्हायचं असतं.

“अरे, कार्पेट एरिया किती?”

“अडीचशे चौरस फूट धरा, बाबा.”

“जागा आपल्या नावावर होते ना?”

“जागा नसते, बाबा. खाली पाणी असतं.”

“मग पाणी कोणाच्या नावावर आहे?”

“एका ट्रस्टच्या.”

“भाव तरी वाढतो का पुढे?”

“कमी होतो.”

तिकडे बराच वेळ शांतता. मग, “बरं, पार्किंग आहे का?”

यावर हा हसतो. हसायला नको होतं. सगळ्या संभाषणात तोच एक प्रश्न मुद्द्याचा होता. इंग्लंड आणि वेल्समधले जवळजवळ दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत. १९९५ च्या कायद्याप्रमाणे बोट बांधायची कायमची जागा नसेल तर एका ठिकाणी चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही. बिऱ्हाड घेऊन पुढे सरकायचं. ऑफिस मागे राहतं, मुलांची शाळा मागे राहते, बँकेला पत्ता काय द्यायचा हा प्रश्न सोबत येतो. एप्रिल २०२४ पासून अशा फिरत्या बोटींना परवान्याची फीही जास्त पडते. लंडनमध्ये राहायची मुभा असलेली कायमची जागा मिळालीच, तर तिचं भाडं ऐकून घरमालक देवमाणूस वाटू लागतो.

आईचं वेगळंच. “पहिल्या दिवशी पाण्याला नारळ वाहा रे,” असं ती सांगते. माउली, साउथॉलकडच्या कालव्यात आधीच नारळ तरंगत असतात. आपल्याच लोकांनी श्रद्धेनं सोडलेले. ते खटखट आपटत बोटीच्या बाजूनं निघून जातात. नारळाचा त्रास नाही. एखादी साडी पंख्यात गुंडाळली गेली की मात्र इंजिन बंद करायचं, मागची झडप उघडायची, खांद्यापर्यंत हात गार पाण्यात घालायचा आणि चाकूनं काठपदर कापत बसायचं.

या नमुन्याला हिवाळ्यात आणखी शोध लागतात. कुकर गॅसवर छान होतो, पण तीन शिट्यांची वाफ रात्री खिडक्यांवरून ओघळत गादीत उतरते. चटणीसाठी मिक्सर लावला की इन्व्हर्टर कोकलतो आणि दिवे डोळे मिचकावतात. शेगडीपाशी घाम येतो, वीस पावलांवरच्या बिछान्यात दात वाजतात. पहाटे उठून राख काढायची, कोळसा घालायचा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जिवंत आहे ना ते पाहायचं. मग पंधरा टनांचं हे लोखंडी धूड, ज्याला ब्रेक नाही, ज्याचा दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळतं आणि जे चालवायला या देशात कसलंही लायसन्स लागत नाही, ते ताशी चार मैलांच्या आत हाकत पाणी भरायला न्यायचं. पाऊस पडत असतो. इथे पडतोच.

गंमत अशी की इतकं होऊनही त्यांतले बरेच जण टिकतात. मी नीट पाहिलं आहे, टिकणाऱ्यांच्या बोटी दिसायला सुमार असतात. सत्तावन्न फुटांच्या आतबाहेर लांबी, बेताचा रंग, कोणत्याही मेकॅनिकला कळेल असं साधं इंजिन, कॅसेटचा संडास, एक जादा कॅसेट आणि कागदावर लिहून घेतलेली पत्र्याची जाडी. गुलाब आणि किल्ले नंतर रंगवता येतात. पत्रा नंतर रंगवता येत नाही.

तेव्हा कोणाच्या घरात अशी किटली आणि दोन किल्ल्या येऊन पडल्या असतील, तर माझं एवढं ऐका. आधी आठवडाभर बोट भाड्यानं घेऊन राहा, तेही फेब्रुवारीत, आणि जो सोबत राहणार आहे त्याला घेऊन राहा. बोट बांधायला जागा मिळते का ते बोटीच्या आधी बघा. सर्व्हेयर स्वतः शोधा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. आणि पाहायला जाल तेव्हा मळली तरी चालेल अशी पँट घालून, टॉर्च घेऊन जा. उशांवर बसू नका.