वाटेतकर

वाटेतकर कोण, हे सांगत बसायची गरज नाही. त्याच्या सहलीची वर्गणी तुम्हीही कधीतरी भरलेली आहे. जालन्यात तो बियाण्यांच्या दुकानात असतो, सळयांच्या कारखान्यात असतो, जिल्हा परिषदेत तर खात्याला एक या हिशेबाने असतो. एका दिवसात अजिंठा करून यायचं, एवढाच त्याचा मूळ ठराव. पहाटे पाचला क्रूझर निघणार, नऊला लेणी, दिवेलागणीला घरी. याला कुणाची हरकत नसते. मग त्याला राजूर आठवतं. राजूरचा गणपती साडेतीन पीठांत गणला जातो, भोकरदनच्या रस्त्यावरच आहे, तेव्हा ‘वाटेतच आहे’ हे त्याचं म्हणणं इथपर्यंत खरं असतं. आसईसुद्धा, म्हणजे 23 सप्टेंबर 1803 रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला जिथे हरवलं ते गाव, नकाशाकडे जरा प्रेमाने पाहिलं तर वाटेत बसवता येतं. त्यानंतर मात्र भूगोल हात टेकतो. वेरूळ वाटेतच असतं. घृष्णेश्वर तर वेरूळच्याही वाटेत. समर्थांचं जन्मगाव जांब घनसावंगी तालुक्यात, अजिंठ्याच्या नेमक्या उलट दिशेला. पण तेही वाटेत, कारण ‘गाडी कुठून तरी निघणारच ना भौ, मग जांबहून निघू.’ 2022च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि साईबाबाही अजिंठ्याच्या वाटेवर आले.

त्याच्या नियोजनात एकच खोट आहे, ती म्हणजे वार. दर्शन आणि लेणी एकाच फेरीत उरकायची असल्यामुळे तो मुहूर्त बघतो. श्रावणी सोमवार धरला तर घृष्णेश्वर पावतो, पण अजिंठा सोमवारी बंद. अंगारकीचा मंगळवार धरला तर राजूर फळतं, पण वेरूळची लेणी मंगळवारी बंद. एवढ्या बारकाईने चुकीचा वार गाठायला पंचांगाचा व्यासंगच लागतो. फर्दापूर तिठ्यावर, खासगी गाड्या थांबवून लेण्यांच्या बसमध्ये बसायचं असतं तिथे, त्याला हे कळतं. पण बंद फाटकासमोर खचेल तो वाटेतकर कसला! धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच सोडली जाते, आणि लेणी बाहेरून कशी अधिक चांगली समजतात यावर त्याचं व्याख्यान होतं. वार चुकून बरोबर निघालाच, तर 30 लेणी पाहायला तो दीड तास मंजूर करतो. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी अंधारात डोळे सरावेपर्यंत दिसत नाही, आणि डोळे सरावायच्या आत वाटेतकर चौथ्या लेण्यात असतो.

जाणकारांना अशा माणसाचा संताप येतो. विहार म्हणजे शांतता, एकांत, साधना. तिथे पुऱ्यांचे डबे घेऊन घुसणारा हा गडी म्हणजे त्या जागेचा अपमान, असं ते म्हणतात. मला हे पटत नाही. हे विहार ज्यांच्या पैशावर उभे राहिले त्यांचा खरा वारस शोधायचा झाला, तर तो जाणकारांत कमी आणि वाटेतकरात जास्त सापडेल. पितळखोऱ्याच्या लेण्यांतल्या एका खांबावर कोरलेलं आहे की तो पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाने दिला. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेतले हे विहार दख्खनच्या पठारावरून उत्तरेकडे उतरणाऱ्या व्यापारी वाटांच्या आसपास आहेत. तांडे घाट उतरणार, थांबणार, नमस्कार करणार, एखादा खांब नाहीतर एखादी खोली दान देणार आणि बैल जुंपून पुढे जाणार. भिक्षूंना वस्तीपासून थोडं लांब राहायचं होतं, फार लांब राहून मात्र चाललं नसतं. भिक्षा आणि दान दोन्ही रस्त्यानेच येत होतं. दोन हजार वर्षांपूर्वी ही जागा निवडणाऱ्याने डोंगर, पाणी आणि दगड बघितला असेलच. पण सगळ्यात आधी वाटेतच आहे ना, हे बघितलं असणार.

यावर आक्षेप येईल की व्यापारी जात-येत असतील, पण भिक्षू तर तिथेच राहत होते; स्थैर्य हाच विहाराचा आत्मा. हेही अर्धंच खरं. बुद्धाने भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितलं तो वर्षावास. एरवी त्यांनी चालत राहावं हीच मूळ अपेक्षा होती. पुढे विहार कायमचे वसले तरी बिऱ्हाड फारसं वाढलं नाही. अजिंठ्याच्या 12 क्रमांकाच्या लेण्यातल्या खोल्यांत दगडी बाकं आहेत. त्यावर झोपणाऱ्याला मुक्काम वाढवायचा मोह होण्याची शक्यता कमीच. आणि एका जागी राहिलं तरी ये-जा काही चुकत नाही. दूर इटलीत माँते कॅसिनोच्या डोंगरावर मठ वसवणाऱ्या संत बेनेडिक्टने तर सहाव्या शतकात आपल्या नियमावलीत पाहुण्यांसाठी वेगळं प्रकरणच लिहिलं. मठात पाहुणे येतच राहणार हे त्याने गृहीत धरलं, आणि दारावर एक शहाणा म्हातारा बसवावा, येणाऱ्याला धड उत्तर देणारा आणि वयामुळे इकडेतिकडे न भटकणारा, असंही सुचवून ठेवलं. पाहुण्यांचा त्रास होतो म्हणून डोंगर चढायचा आणि डोंगरावरही पाहुणेच भेटायचे, हा अनुभव दोन्ही धर्मांना सारखाच आलेला दिसतो. आता वाटेतकर फक्त फोटो काढतो आणि निघतो, अशी तक्रार उरते. पण 28 एप्रिल 1819 रोजी वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याचं 10 क्रमांकाचं लेणं दिसलं, तेव्हा त्याने रंगवलेल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख खरवडून ठेवली. त्याच्यापुढे सेल्फी म्हणजे साधुत्व.

तरी एक आक्षेप खराच आहे, आणि तो मी टाळणार नाही. मितदेवाने खांब दिला. वाटेतकर काय देतो? लेण्याला तो काही देत नाही. पार्किंगच्या पावतीवरूनही तो हुज्जत घालतो. पण त्याची वही एकदा नीट बघावी. डिझेल, नारळ, चहा, ड्रायव्हरचं जेवण, सगळं पैशापैशाने लिहिलेलं, आणि वर्गणीच्या यादीत तीन-चार नावांपुढे रक्कमच नाही. ती नावं बहुतेक बायकांची असतात: शेजारची एकटी राहणारी काकू, कुणाची तरी थकलेली आत्या, शाळेच्या सहलीला पैसे नव्हते म्हणून न गेलेली एखादी मुलगी. या घरांत ‘आज मी अजिंठ्याला जाते’ असं म्हणायची सोय नसते. अजिंठा म्हटलं की दिवस मोडतो, खर्च निघतो, घरी कोण बघणार हा प्रश्न निघतो. राजूरला जायला मात्र कुणी नाही म्हणत नाही. तेव्हा आत्याला राजूरला न्यायचं, आणि राजूरहून पुढे अजिंठा काय, वाटेतच आहे. जे भूगोलाचं अज्ञान म्हणून आपण हसतो, त्यात या माणसाचा हा व्यवहार दडलेला असतो. सगळ्याच वाटेतकरांचा असतो असं नाही. काहींना खरोखरच नकाशा कळत नाही. पण बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या त्या प्रचंड मूर्तीपाशी, 26 क्रमांकाच्या लेण्यात, आत्या चप्पल हातात घेऊन उभी राहते ती याच्यामुळेच. तेवढा वेळ तो घड्याळ दाखवत नाही, हे नाइलाजाने नोंदवावं लागतं.

त्याच्यावर राग धरायचाच तर तो भोकरदनसाठी धरावा. कारण राजूर सोडलं तर अख्ख्या प्रवासात शंभर टक्के वाटेत असलेलं गाव तेच. हेच प्राचीन भोगवर्धन. 1973 साली इथे उत्खनन झालं, तेव्हा सापडलेल्या वस्तूंत हस्तिदंती बाहुलीचा एक भाग होता, इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पॉम्पेई शहरात मिळालेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी जवळचं नातं सांगणारा. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत या गावचे लोक आहेत. आगगाडी ना क्रूझर, तरी शेकडो किलोमीटरवर दान पोचवून मोकळे झालेले. आणि वाटेतकर त्यांच्या गावातून वर्षानुवर्षं जातो तो ‘येताना बघू’ म्हणत. येताना रात्र झालेली असते, पोरं पेंगलेली असतात. स्टँडसमोर चहा होतो आणि गाडी जालन्याकडे वळते. पुढच्या वर्षी सांची करायचं त्याच्या मनात आहे म्हणतात. तिथल्या दगडावर कुणाची नावं आहेत हे त्याला आधीच सांगून ठेवायला हवं. म्हणजे निदान सांचीला जाताना तरी तो भोकरदनला थांबेल.