जुनी तार सोडावी कशी, नवा पत्ता काढावा कसा

ब्रॉडबँड बदलावं असं मनात आलं, की लगेच बदलू नये. आधी वर्षभर नुसतं बोलावं. जिन्यात, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत 'आयत्या वेळचे विषय' सुरू झाल्यावर, जिथे चार कान मिळतील तिथे कंपनीला नावं ठेवावीत. राउटरशेजारच्या पांढऱ्या डबीवर 'लॉस' नावाचा दिवा असतो. तारेतून येणारा प्रकाश पोचेनासा झाला की तो लाल होऊन लुकलुकतो. आमच्याकडे 'दूध उतू गेलं का' याच सुरात 'लाल लागलाय का' असं विचारलं जातं. या प्रश्नाची सवय झाली, की आपली तयारी झाली असं समजावं.

बोलताना मात्र पूर्वजांचं स्मरण ठेवावं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं, तेव्हा मोडेम फोनच्या तारेवर किंचाळायचा आणि आतल्या खोलीत कुणी रिसीव्हर उचलला की सगळं मुसळ केरात. २००४ च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएसला 'ब्रॉडबँड' म्हणायची परवानगी दिली. २०२३ पासून ही किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे. आपण शंभरावर बसून कुरकुरतो. कुरकुरावं, पण त्या शंभराला आधी आठाने भागून घ्यावं, कारण ते मेगाबिट असतात आणि आपण डाउनलोड करतो त्या फाइली मेगाबाइटमध्ये मोजतात. शंभरचा वेग म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. हा भागाकार विक्रेत्यासमोर मोठ्याने करू नये, त्याला वाईट वाटतं. त्याने सांगितलेल्या किमतीत अठरा टक्के जीएसटी मात्र मोठ्याने मिळवावा.

कंपनी निवडण्यासाठी जाहिराती वाचण्यात वेळ घालवू नये. गच्चीवर जावं. जाहिरातींत कंपन्या दहा असतील, गच्चीवर वायरींची वेटोळी दोन किंवा तीन. एक टाकीच्या पाइपाला, एक कपडे वाळत घालायच्या खांबाला आणि एक, कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही, पण तोडायची हिंमत होत नाही अशी. आपलं निवडस्वातंत्र्य इतकंच.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. नव्या घरात सामान लागल्याशिवाय जुन्याची किल्ली देऊ नये. मोबाइलचा नंबर २०११ पासून देशभर कुठल्याही कंपनीत बरोबर नेता येतो. ब्रॉडबँडला तसली सोय नाही. इथे तार नवी, डबी नवी, लॉगिन नवं. तेव्हा दोन्ही कनेक्शनं निदान महिनाभर शेजारी शेजारी नांदू द्यावीत. हा खर्च फुकट जातोय असं घरातले म्हणतील. म्हणू द्यावं. मीही म्हणालो होतो.

तार जोडणारा मुलगा 'अकरापर्यंत येतो' म्हणाला, की आपण चारपर्यंत आंघोळ उरकून घ्यावी. तो आल्यावर चहा विचारावा आणि तो काम करत असताना बघत राहावं, कारण दृश्य बघण्यासारखं असतं. वरचं काळं आवरण सोलून तो आतला काचेचा धागा काढतो. सव्वाशे मायक्रॉनचा, म्हणजे जेमतेम केसाएवढा. स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो, टोक साफ कापतो आणि दोन्ही टोकं छोट्याशा यंत्रात ठेवतो. पडद्यावर ती पाइपाएवढी मोठी दिसतात, हळूहळू समोरासमोर येतात, एक बारीक ठिणगी पडते, आणि काच काचेला सांधली जाते. एवढं नाजूक काम पाहिल्यावर ती तार सोफ्यामागे काटकोनात दुमडू नये हे कळायला हवं. वाकवली की प्रकाश गळतो. आमचा सोफा भिंतीपासून चार बोटं पुढे आहे, तो त्यामुळेच.

आमच्याकडे दारात उभा राहिलेला मुलगा मला पाहून म्हणाला, "काका, तुम्हीच होय!" जुन्या कंपनीकडून लाल दिवा बघायला दर पंधरवड्याला यायचा तोच. भागातला केबलवाला आता दोन्ही कंपन्यांची कामं घेतो, असं त्याने सांगितलं. वर्षभर त्याच्याचकडे केलेल्या तक्रारी मला आठवल्या, आणि मी त्याला बिस्किटंही दिली.

वाय-फायला नाव देताना कल्पकता दाखवू नये. जुन्या राउटरचं नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा नव्याला द्यावा. टीव्ही, मोबाइल, प्रिंटर सगळे काही न विचारता जोडले जातात. वरच्या मजल्यावरचा भाचाही जोडला जातो, पण सगळंच हाती नसतं.

जुनी डबी परत करायची असते, अडॅप्टरसकट. अडॅप्टर सापडत नाही. आमचा गणपतीमागच्या फिरत्या चक्राला लावलेला निघाला.

इथपर्यंत सोपं. खरी परीक्षा ईमेलची.

आमच्या अण्णांचा ईमेल पत्ता कनेक्शनबरोबर फुकट मिळालेला, शेपटीला कंपनीचं नाव असलेला. लग्नपत्रिकेपासून सोसायटीच्या रजिस्टरपर्यंत तो सगळीकडे पोचला होता. तार काढली की हा पत्ताही जाणार, हे बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेलं होतं आणि आम्ही जाड भिंगाचे चष्मे लावूनही वाचलं नव्हतं. म्हणून जीमेलवर नवा पत्ता काढायला बसलो.

नाव निवडताना पहिला प्रश्न 'व'चा येतो. अण्णांचं नाव वासुदेव. त्यांनी आयुष्यभर डब्ल्यू लिहिला, शाळेच्या दाखल्यावर व्ही आहे आणि बँकेत दोन्ही आहेत. अर्धा तास गेल्यावर व्ही ठरला. लिहिला, तर 'हे नाव आधीच घेतलेलं आहे'. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा तीन डब्यांचा डबा असतो, त्यामुळे उलटसुलट करायला वाव भरपूर. आडनाव आधी घातलं, घेतलेलं. वडिलांचं आद्याक्षर मधे घातलं, तेही घेतलेलं. मग जन्मसाल सुचवलं गेलं. "म्हणजे भाजीवाल्यालाही माझं वय कळणार," अण्णा म्हणाले. भाजीवाल्याला ईमेल कशाला करायचा, हे मी विचारलं नाही.

शेवटचा उपाय म्हणून नाव आणि आडनावाच्या मधे अण्णांनी टिंब दिलं. तरी घेतलेलंच. कारण जीमेलला टिंब दिसतच नाही, द्या किंवा देऊ नका, पत्ता एकच. मी समजावलं, की हा अनुच्चारित अनुस्वार आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकला तसलाच. अण्णांनी ती सुधारणा अजून मनापासून मान्य केलेली नाही, त्यामुळे उदाहरण चुकलं.

तेव्हा पहिली पायरी शेवटी सांगतो, कारण आम्हाला ती शेवटी कळली. नवं खातं काढण्याआधी खिशातला मोबाइल काढून सेटिंगमध्ये बघावं. अण्णांचं नाव ज्या इसमाने घेतलं होतं तो अण्णाच होते. चार वर्षांपूर्वी फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोऱ्याने 'आजोबा, खातं लागतं' म्हणून परस्पर काढून दिलेलं. पासवर्ड नावापुढे एक-दोन-तीन. आत हजारो पत्रं न उघडता पडलेली, त्यांतली बरीचशी नकाशाकडून, 'गेल्या महिन्यात आपण इथे इथे गेलात' अशी. अण्णांनी ती बसून वाचली. हिशेब बरोबर आहे म्हणाले.

पासवर्ड तेवढा ताबडतोब बदलावा. तो लिहून ठेवावा, पण पंचांगात नको. पंचांग दर वर्षी नवं येतं.

पत्ता फोनवर सांगण्याचीही पद्धत आहे. मधल्या चिन्हाला आपण 'ॲट द रेट' म्हणतो. रे टॉमलिन्सनने १९७१ मध्ये ते ईमेलसाठी उचललं, त्याआधी ते दुकानदारांच्या हिशेबातलं होतं. आपण त्याला वाण्याच्या दुकानातून कधी बाहेर येऊच दिलं नाही. अण्णा 'ॲट द रेट' म्हणून क्षणभर थांबतात, जणू पुढे भाव सांगायचाय.

मग कळवाकळवी. बँक, आयुर्विमा, आयकर, रेल्वेचं तिकीट, म्युच्युअल फंड, वीजबिल. सगळीकडे रीत साधारण एकच. नवा पत्ता लिहा म्हणतात, लिहिला की ओटीपी पाठवतात, आणि काही ठिकाणी तो जुन्या पत्त्यावर जातो. जुना पत्ता जुन्या तारेवर, आणि तार तर आपण काढायला निघालेलो. दोन्ही कनेक्शनं महिनाभर ठेवावीत म्हणालो ते याचसाठी. आमचा महिना पुरला नाही. एका फंडाने सही जुळत नाही असं कळवलं, कारण अण्णांनी यंदा व्हीने सही केली होती. एका पत्त्यापायी आम्ही अख्ख्या जुन्या ब्रॉडबँडचं आणखी एका महिन्याचं बिल भरलं. त्या महिन्यात त्याचा दिवा एकदाही लाल झाला नाही.

शेवटी सगळीकडची कामं झाली. तोच मुलगा जुनी डबी न्यायला आला. अडॅप्टर, वायर, डबी मोजून घेतली, मोबाइलवर काहीतरी टिपलं, आणि चपला घालू लागला.

"अरे, डिपॉझिटची पावती?" मी विचारलं.

"काका, कनेक्शन आत्ता बंद झालं ना, पावती सिस्टिममधून आपोआप गेली. तुमच्या रजिस्टर्ड ईमेलवर."

अण्णांनी आतून विचारलं, "कुठल्या?"